तालुक्यात वर्गणी भरली, पण दिल्लीतल्या शिक्षक संघाचा मला काय उपयोग?

झेडपीची_बाई
जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत माझं हे तिसरं वर्ष. परवा आमच्या केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत शिक्षक संघाचे तालुक्याचे सरचिटणीस पावतीपुस्तक घेऊन आले. पावती फाडली, पण प्रश्न तसाच राहिला. बदली, वेतननिश्चिती, वैद्यकीय बिल, सगळं अडतं ते पंचायत समितीत नाहीतर झेडपीत. मग अखिल भारतीय प्राथमिक शिक्षक संघ दिल्लीत बसून आपल्यासाठी काय करतो? जुन्याजाणत्यांनी सांगावं.

निवृत्त_मुख्याध्यापक
ताई, आधी तालुक्याचंच सांगतो. बदली झाल्यावर माझी एलपीसी, म्हणजे शेवटच्या पगाराचं प्रमाणपत्र, जुन्या तालुक्यातून येईना. चार महिने पगार नाही. टेबलावरचे म्हणायचे, "गुरुजी, तुमचा अर्जच आलेला नाही." आमचे सरचिटणीस माझ्याबरोबर आले, शेजारी खुर्ची ओढून बसले. पिशवीतून अर्जाची पोच काढली, आवक क्रमांक मोठ्यानं वाचला आणि आवक नोंदवही मागितली. अर्ज तिथे होता. आठवड्यात एलपीसी आली. मी तोवर एकटा सहा वेळा जाऊन आलो होतो.

पण नोंदवही उघडायला लावणाऱ्या त्या माणसाला कायदा बदलता येत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ हा संसदेचा आहे. त्याचं कलम २७ पाठ करून ठेवा: दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम लावता येत नाही. कलम २३ पात्रतेचं. त्यावरूनच १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला की निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या, सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हायचं. कायदा येण्याआधी लागलेले, वीस-वीस वर्षं पहिलीला अक्षरं गिरवून घेणारे लोकसुद्धा यात आले. आता इथे गटशिक्षणाधिकारी काय करणार? संसदेच्या दारात जावं लागतं, आणि तिथे एकट्या महाराष्ट्राच्या निवेदनाला किती वजन येणार!

दिल्लीतला हा संघ १९५४ चा. राज्याराज्यांतल्या संघटना मिळून झालेला महासंघ आहे. १९९३ साली स्थापन झालेल्या एज्युकेशन इंटरनॅशनल या जागतिक संघटनेचाही तो सदस्य आहे. आपण ५ ऑक्टोबरला जागतिक शिक्षक दिन म्हणतो, तो १९६६ च्या त्याच दिवशी पॅरिसमध्ये स्वीकारलेल्या, शिक्षकांच्या दर्जाविषयीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीवरून. शैक्षणिक धोरण ठरवताना शिक्षक संघटनांना सोबत घ्यावं असं तीत लिहिलंय. ती सरकारवर बंधनकारक नाही, तरी निवेदनात तिचा आधार जरूर घ्यावा.

माध्यमिकचा_गणितवाला
सरांच्या बोलण्याला माझी जोड. आम्ही खासगी अनुदानितवाले, आमची गाठ संस्थाचालकांशी. संस्थेनं काढून टाकलं तर १९७७ च्या सेवाशर्ती कायद्याखाली ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं. हे फार महत्त्वाचं आहे, कारण १९८८ साली गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येत शिक्षक 'कामगार' बसत नाही. गिरणीतल्या माणसाला जी वाट होती, ती आपल्याला नाही.

आणखी एक. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ शिक्षक मतदारसंघाच्या. पण घटनेच्या कलम १७१ प्रमाणे तिथे मत आहे ते माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांना. ताई, तुम्हाला तिथे मत नाही. मला हा अन्याय वाटतो. म्हणून प्राथमिकवाल्यांना तर संघटना आमच्यापेक्षा जास्त लागते.

डोंगरी_शाळा
सगळं खरं. पण आमच्याकडे काही पदाधिकारी शाळेत कमी आणि कार्यालयात जास्त दिसतात. त्यांचा वर्ग दुसऱ्या शिक्षकाला सांभाळावा लागतो. हेही लिहायला हवं.

निवृत्त_मुख्याध्यापक
लिहायलाच हवं. सकाळी परिपाठाला हजर नसलेला माणूस पालकांपुढे कोणत्या तोंडानं संघटनेचं नाव घेणार? हे सभेत उभं राहून विचारा. मी विचारलंय, वाईटही झालोय.

झेडपीची_बाई
सगळ्यांचे मनापासून आभार. आताच पावती काढून पाहिली. रक्कम आहे, तालुक्याचा शिक्का आहे, पण त्यातलं राज्याला किती जातं आणि दिल्लीला किती, याचा उल्लेख नाही. कलम २७ ची प्रत आणि हा प्रश्न, दोन्ही घेऊन पुढच्या सभेला जाते.