श्रीवर्धनच्या घरचे कॅमेरे होम असिस्टंटला जोडायचेत, पण डीलरच्या खात्यातून नाही

वाडी_शिंपणं:

नमस्कार मंडळी,

श्रीवर्धनला आमचं घर आणि पाठीमागे सुपारीची वाडी आहे. आई आणि आत्या तिथेच राहतात, मी डोंबिवलीत. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात वाडी जवळजवळ सगळी आडवी झाली. त्यानंतर लावलेली झाडं आता कुठे धरायला लागलीत, आणि खळ्यात वाळत घातलेल्या सुपारीवर बाहेरच्यांचं लक्ष असतं हेही कळून चुकलंय. म्हणून चार कॅमेरे बसवून घेतले: फाटक, खळं, विहिरीवरचा पंप आणि पडवी. कॅमेरे को-अ‍ॅक्सिअल वायरचे, चार चॅनेलचा डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारी पेटी.

होम असिस्टंट (घरातली उपकरणं एका पानावरून चालवायचं सॉफ्टवेअर) घरात आधीपासून आहे, एन१०० प्रोसेसरच्या मिनी पीसीवर. पंपाच्या स्टार्टरला रिले (दुरून चालवता येणारा खटका) आणि टाकीत पातळीचा सेन्सर लावलाय. आता मला एवढंच हवंय की शिंपण्यासाठी पंप चालू केला की त्याच पानावर विहिरीचा कॅमेरा दिसावा, पाटाला पाणी लागलं की नाही ते इथून कळावं. आणि रात्री फाटकावर माणूस आला तर फोटो यावा.

तीन ठिकाणी अडलोय. राउटरवर पोर्ट फॉरवर्ड केलं, म्हणजे बाहेरून आत यायला दार उघडलं, तरी बाहेरून काहीच उघडत नाही. राउटरच्या पानावर वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) पत्ता १००.७८ असा सुरू होतो. दुसरं, होम असिस्टंटमध्ये आरटीएसपीने (कॅमेऱ्याचं चित्र नेटवर्कवरून पाठवायची पद्धत) कॅमेरा जोडला तर घरातल्या घरातसुद्धा काळी चौकट दिसते, आवाज तेवढा येतो.

तिसरी गोष्ट मला जास्त खुपते. ज्या डीलरनी कॅमेरे बसवले त्यांनी डीव्हीआर स्वतःच्या मोबाइलवरच्या खात्यात जोडलाय आणि आम्हाला तिथून 'शेअर' केलाय. म्हणजे आई आणि आत्या दुपारी पडवीत आडव्या होतात ते त्यांना केव्हाही दिसू शकतं. विचारलं तर म्हणाले, "सगळीकडे असंच करतो, सर्व्हिसला सोपं जातं." मला हे मुळीच मान्य नाही. आईला सांगितल्यापासून ती पडवीत बसायचीच बंद झालीय.

पोर्ट_आठ_हजार:

इंटरनेटवाल्याकडून स्टॅटिक आयपी (कायम एकच राहणारा पत्ता) मागून घ्या, महिन्याला थोडे पैसे घेऊन बरेच जण देतात. मग ८० आणि ५५४ पोर्ट उघडे करा, काम झालं. आमच्या दुकानाचे कॅमेरे मी असेच बघतो.

गुहागर_लाइनमन:

वरचा सल्ला कृपया मानू नका, आणि दुकानाचे पोर्ट आजच बंद करा. कळकळीने सांगतोय. उघडं पोर्ट शोधायला कुणाला तुमचं दुकान माहीत असावं लागत नाही. सगळे पत्ते यंत्रच चाचपत फिरत असतं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमने कारखान्यातला पासवर्ड तसाच ठेवलेले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर असेच ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्याकरवी डाइन कंपनीच्या डीएनएसवर (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेवर) मारा झाला. ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अमेरिकेत काही तास अडखळत होत्या. पासवर्ड कडक ठेवून भागतं असंही नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये कॅमेरे बनवणाऱ्या हिकव्हिजनच्या बऱ्याच मॉडेलमधली अशी फट जाहीर झाली की पासवर्ड न देताच बाहेरून हुकूम चालवता येत होते. कंपनीने नवं फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) काढलं, पण खेड्यातल्या डीव्हीआरमध्ये ते कोण जाऊन टाकतो?

आता वाडीवाल्यांसाठी. मी टेलिफोन खात्यात बाहेरच्या केबलवर नोकरी केली, निवृत्तीनंतर इथल्या घरी हेच सगळं बसवलंय. तुमचा तिसरा मुद्दा आधी घेतो, कारण तो मिटल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही.

पुढच्या खेपेला श्रीवर्धनला जाल तेव्हा डीव्हीआरला टीव्ही आणि माउस जोडा. नेटवर्कच्या मेनूत 'प्लॅटफॉर्म अ‍ॅक्सेस' किंवा 'पी टू पी' असं काहीतरी असेल. तिथून खातं तोडा आणि कंपनीच्या सर्व्हरमार्फत दुरून बघण्याची ती सोयच बंद करा. अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला. त्यानंतर युजर्सची यादी उघडून बघा; सर्व्हिससाठी म्हणून दुसरा युजर केलेला असतो, तो काढा. होम असिस्टंटसाठी फक्त बघण्याची परवानगी असलेला वेगळा युजर करा. मग राउटरमध्ये डीव्हीआरचा पत्ता पक्का करून त्याचं बाहेरचं इंटरनेट तोडा, पॅरेंटल कंट्रोलमध्ये मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा ओळख-क्रमांक) टाकून होतं ते. इंटरनेट तुटलं की डीव्हीआरचं घड्याळ हळूहळू सरकतं, आणि चोरीची तक्रार द्यायची वेळ आली तर चित्रावरची चुकीची वेळ डोकेदुखी होते. म्हणून होम असिस्टंटवर घरातल्या यंत्रांना वेळ पुरवणारं क्रोनीचं अ‍ॅड-ऑन टाका आणि डीव्हीआरला एनटीपीसाठी (घड्याळ जुळवण्यासाठी) मिनी पीसीचा पत्ता द्या.

१००.७८ म्हणजे सीजीनॅट. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवले गेले. एकाच सार्वजनिक पत्त्यामागे कंपनी अनेक घरं बसवते. तुमच्या राउटरवर पोर्ट उघडून उपयोग नाही, कारण त्याच्या पुढचं दार कंपनीच्या हातात आहे. त्यावर टेलस्केल वापरा, तुमच्याच यंत्रांमध्ये खाजगी जोडणी करणारं सॉफ्टवेअर. आतून वायरगार्ड ही सांकेतिक जोडणीची पद्धतच आहे. घरचा मिनी पीसी आणि तुमचा मोबाइल दोघेही आतून बाहेर जोडणी करतात, म्हणून एकही पोर्ट उघडावं लागत नाही आणि सीजीनॅट आडवं येत नाही. होम असिस्टंटमध्ये त्याचं अ‍ॅड-ऑन आहे, घरगुती वापराला फुकट आहे. त्याचे पत्तेही १००.६४ ते १००.१२७ मधलेच असतात, ते बघून गोंधळू नका.

काळी चौकट बहुतेक एच.२६५ या व्हिडिओ दाबून ठेवायच्या पद्धतीमुळे. डीव्हीआरला ते सोयीचं, जागा कमी लागते, पण कित्येक ब्राउझर ते उलगडत नाहीत. चित्र जातं, आवाज राहतो. मुख्य स्ट्रीमला (पूर्ण दर्जाच्या चित्राला) हात लावू नका, रेकॉर्डिंग त्यावरच होऊ दे. सब-स्ट्रीम (त्याच कॅमेऱ्याचं हलकं चित्र) मात्र जुन्या एच.२६४ पद्धतीत करा, ५१२ केबीपीएस, सेकंदाला १५ फ्रेम, आय-फ्रेमचं (पूर्ण चित्र असलेल्या फ्रेमचं) अंतरही १५. हे अंतर जास्त असलं की कॅमेरा उघडल्यावर चित्र यायला वेळ लागतो. हिकव्हिजनच्या आरटीएसपी पत्त्यात शेवटी १०१ असेल तर पहिल्या कॅमेऱ्याची मुख्य स्ट्रीम, १०२ त्याचीच सब-स्ट्रीम, २०२ दुसऱ्याची, असं चालतं. दाहुआ कंपनीच्या डीव्हीआरमध्ये चॅनेलचा आकडा आणि सब-टाइप वेगवेगळे लिहितात, सब-टाइप १ म्हणजे सब-स्ट्रीम. डीव्हीआर एका वेळी ठरावीकच जोडण्या देतो, म्हणून स्ट्रीम गो-टू-आरटीसीतून घ्या, ते एकच जोडणी घेऊन चित्र पुढे वाटतं. नोव्हेंबर २०२४ पासून ते होम असिस्टंटमध्येच येतं.

आता पडवी. आई बसायची बंद झाली हे वाचून मला फार वाईट वाटलं. अ‍ॅपमधला 'प्रायव्हसी' मोड त्यांना दाखवून त्यांचा विश्वास बसणार नाही, आणि बसू नये. बहुतेक चारही कॅमेऱ्यांना एकाच १२ व्होल्टच्या पेटीतून पुरवठा दिलेला असेल. पडवीचा कॅमेरा त्यातून सोडवा, त्याला वेगळा अ‍ॅडॉप्टर द्या आणि तो पडवीतल्याच भिंतीवरच्या साध्या खटक्यावर घ्या. वायफायचा प्लग नको, रिले नको. आईने खटका बंद केला की कॅमेऱ्यात वीजच नाही. तुमच्याकडे चित्र गेलेलं दिसेल, पण डोंबिवलीतून तुम्हाला तो चालू करता येणार नाही, आणि तसंच असलं पाहिजे. माझ्या मते घरात जो राहतो त्याचा हक्क आधी, मुलगा असला तरी. रात्री निजताना खटका चालू करायचा की नाही ते दोघी ठरवतील.

आणखी एक, जे दुकानदार सांगत नाहीत. विहिरीपर्यंत गेलेली ती तांब्याची वायर. वीज अंगणात पडावी लागत नाही, जवळपास कडाडली तरी लांब तांब्यात दाब चढतो आणि तो थेट डीव्हीआरमध्ये उतरतो. टेलिफोनच्या लाइनींवर मी हे आयुष्यभर बघितलंय, मृग लागला की आमच्याकडे जळालेल्या उपकरणांची रांग लागायची. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक को-अ‍ॅक्सवर, घरात शिरते तिथे, सर्ज अरेस्टर (वाढलेला दाब जमिनीत सोडणारं उपकरण) लावा आणि त्याची अर्थ घराच्या मुख्य अर्थिंगलाच जोडा. विहिरीपाशी वेगळी सळई ठोकून तिथेच सोडून देऊ नका. दोन अर्थिंगमध्ये जो फरक पडतो तो त्या वायरमधूनच वाहतो. पुढेमागे तिथे आयपी कॅमेरा लावलात तर मधला टप्पा फायबरचा करा, दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर. काचेतून वीज येत नाही. आणि खारं वारं: कॅमेऱ्यामागचे बीएनसी जोड उघडे लोंबत असतील तर हिरवे पडतील. ते बंद डबीत घ्या, डबीच्या तोंडाशी वायरला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी आत न जाता झोळावरून टपकतं.

वाडी_शिंपणं:

काका, मनापासून आभार. परवा जाऊन आलो. यादीत खरोखरच दुसरा युजर होता, अ‍ॅडमिनचेच अधिकार असलेला. काढला, पी टू पी बंद केलं. खटका लावायला गावातला वायरमन आला तेव्हा आत्या शेजारी उभी राहून बघत होती. काम झाल्यावर तिने स्वतः खाली-वर करून टीव्हीवर चित्र जातं का ते तपासलं.

दोन शंका. नवा पासवर्ड टाकल्यावर गो-टू-आरटीसी जोडणीच नाकारतं, टीव्हीवर तोच पासवर्ड चालतो. आणि टेलस्केलवरून होम असिस्टंट उघडतं, पण डीव्हीआरचं स्वतःचं पान डोंबिवलीतून उघडत नाही. रेकॉर्डिंग मागे जाऊन बघायला ते लागेल.

नाशिकची_आर्या:

पासवर्डमध्ये 'अ‍ॅट'चं चिन्ह आहे का? आरटीएसपीच्या पत्त्यात त्याच चिन्हापुढे यंत्राचा पत्ता सुरू होतो, त्यामुळे पासवर्ड मध्येच तुटतो. त्या चिन्हाच्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि त्याला लागून ४० लिहा. किंवा त्या बघण्याच्या युजरला नुसती अक्षरं-आकडे असलेला लांब पासवर्ड द्या, ते सोपं.

डीव्हीआरच्या पानासाठी टेलस्केलमध्ये घरचं सबनेट (घरातल्या पत्त्यांचा पट्टा) जाहीर करावं लागतं आणि त्यांच्या वेबपानावर जाऊन मंजूर करावं लागतं. मंजुरी बहुतेकांची राहून जाते. ते करूनही उघडलं नाही तर डोंबिवलीचा राउटरही १९२.१६८.१ वरच आहे का बघा. दोन्हीकडे तोच पट्टा असला की तुमचा लॅपटॉप डीव्हीआरला डोंबिवलीच्याच घरात शोधतो. श्रीवर्धनचा पट्टा बदला, समजा १९२.१६८.४७. पण क्रम सांभाळा: डीव्हीआरला हाताने पत्ता दिलेला असेल तर आधी डीएचसीपीवर (राउटरने आपोआप पत्ता देण्यावर) टाका, मग राउटर बदला, शेवटी नवा पत्ता राखून ठेवा. हे तिथे बसूनच करायचं काम आहे, दुरून नाही. रोजच्या बघण्याला मात्र सबनेट लागत नाही, स्ट्रीम मिनी पीसीतूनच येते.

फाटकाच्या फोटोसाठी फ्रिगेट हे सॉफ्टवेअर घ्या. डीव्हीआरच्या 'मोशन'वर सूचना लावलीत तर वाऱ्याने झावळी हलली तरी फोन वाजेल आणि आठवड्याभरात तुम्ही सूचना बंद कराल. फ्रिगेट चित्रात माणूस आहे का ते ओळखतं. एन१०० मधल्या ग्राफिक्सवर ओपनव्हिनोने (चित्र ओळखायचं काम चालवणारं सॉफ्टवेअर) हे सहज चालतं, वेगळं कार्ड घ्यायला नको. ओळखायला सब-स्ट्रीम द्या, सेकंदाला ५ फ्रेम पुरतात. रस्त्याचा भाग क्षेत्राबाहेर ठेवा. शेजाऱ्यांचं अंगण दिसत असेल तर ते डीव्हीआरमध्येच मास्क करा (झाका), म्हणजे रेकॉर्डही होणार नाही.

रात्री कोळी छळतील. भिंगासमोर कोळी जाळं विणतो, आणि भिंगाभोवतीच्या इन्फ्रारेड दिव्यांनी उजळलेल्या जाळ्यात चित्र पांढरं होतं. कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड बंद करून वेगळा दिवा चार-पाच फूट बाजूला लावला की फार फरक पडतो.

वाडी_शिंपणं:

'अ‍ॅट'च होता! चित्र आलं. सबनेटचं पुढच्या खेपेला करतो. डिस्क १ टीबीची आहे, किती दिवस पुरेल?

नाशिकची_आर्या:

मुख्य स्ट्रीम २ एमबीपीएस धरली तर एका कॅमेऱ्याचे दिवसाला २१.६ जीबी, चार कॅमेऱ्यांचे ८६ च्या आसपास. म्हणजे साधारण ११ दिवस. सुपारी वाळायला त्याहून जास्त दिवस लागत असतील तर खळ्याचा कॅमेरा तसाच ठेवून विहिरीचा आणि पडवीचा बिटरेट कमी करा.

गुहागर_लाइनमन:

पावसाळ्याआधी तीन गोष्टी उरकून घ्या. फायबरचा डबा, राउटर, मिनी पीसी आणि डीव्हीआर चारही एकाच यूपीएसवर हवेत. राउटर राहून गेला तर वीज गेल्यावर कॅमेरे चालू आणि तुम्ही आंधळे. दुसरं, मिनी पीसीच्या बायोसमध्ये (सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) वीज परत आली की आपोआप चालू होण्याचा पर्याय निवडा, नाहीतर यूपीएस संपून वीज आल्यावर आईला बटण दाबायला लावावं लागेल. तिसरं, टेलस्केलच्या वेबपानावर मिनी पीसीच्या नावापुढे 'की एक्स्पायरी' (जोडणीच्या परवान्याची मुदत) बंद करा. ती मुळात १८० दिवसांची असते. ऐन श्रावणात मुदत संपली, तर पुन्हा लॉगिन होईपर्यंत जोडणी तुटलेली राहील.