शनिवारची वेणी कार्यशाळा: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

बी-३०४: लिफ्टमध्ये वेणी कार्यशाळेचा बोर्ड पाहिला. एकच प्रश्न. मागच्या खेपेला हॉलची मोरी नकली केसांनी तुंबली होती. या वेळी जाळी कोण बसवणार?

सी-७०२: काका, म्हणूनच या वेळी बहुतेक काम डोक्यावर नाही, कॅनव्हासवर. २०१४ मध्ये अमेरिकन कलावती सोन्या क्लार्क यांनी केशकारागिरांकडून स्वतःच्या डोक्यावरही वेण्या घालून घेतल्या आणि कॅनव्हासवर रेशमी दोऱ्यानेही. कल्पना तिथली.

ए-६०१: म्हणजे टक्कलवाल्यांनाही प्रवेश! 😄

सी-११०: नाना, तुम्ही मॉडेल व्हा. भांग पाडायचा वेळ वाचेल.

बी-३०४: विनोद छान. जाळी?

डी-२०५: मुलांचे कंगवे एकत्र होणार का? उवांचं काय?

सी-७०२: उवा मुख्यतः डोक्याला डोकं लागून जातात, कंगव्यातून कमी. तरी शेवटच्या अर्ध्या तासात खऱ्या केसांवर करून बघणाऱ्यांनी आपापला कंगवा आणा. हॉलमधले कंगवे निदान ५४ अंश सेल्सियसच्या पाण्यात ५ ते १० मिनिटं बुडवून ठेवू.

डी-२०५: बरं. आणि बोर्डावर ‘आफ्रिकन स्टाइल’ हे काय? आफ्रिका म्हणजे एक गाव आहे का?

ए-१०२: ताई, बोर्ड घाईत झाला. इथेच सगळ्यांसमोर बोलायला हवं होतं असं नाही.

डी-२०५: बोर्डही सगळ्यांसमोरच लावलाय.

सी-७०२: दोघी थांबा 🙏 मुद्दा खरा आहे. नायजेरियाकडच्या योरुबा लोकांत वेणी घालणं म्हणजे ‘इरुन दिदी’ आणि दोऱ्याने केस गुंडाळणं म्हणजे ‘इरुन किको’. कामं दोन, नावंही दोन. नामिबियातल्या हिंबा लहान मुलींच्या दोन वेण्या पुढे चेहऱ्याकडे येतात. वयात आल्यावर ठेवण बदलते आणि वेण्यांना गेरू नि लोण्याचा ‘ओत्जिझे’ लेप लागतो. तिथे केस बघून वय कळतं. म्हणून प्रत्येक नमुन्याखाली तीन ओळी हव्यात: कुणाची, कुठली, कधी घालतात. कॅलिफोर्नियाला २०१९ मध्ये वेण्यांवरून शाळेत आणि नोकरीत भेदभाव करू नये असा कायदा करावा लागला, हेही एका कागदावर लावू. नुसती ‘मजा’ म्हणून बोर्ड लावणं मलाही पटलं नव्हतं.

ए-१०२: तेव्हाच सांगायचं ना मग.

ए-६०१: आमच्या वेळी कायदा एकच, आईचा हात. ओढली की ओढली.

सी-७०२: नाना, तेच टाळायचंय. कपाळाच्या कडेला दुखलं किंवा बारीक पुळ्या आल्या की वेणी लगेच सैल करायची. ताण महिनोन्‌महिने राहिला तर तिथले केस कायमचे जाऊ शकतात.

ए-६०१: आता कळलं माझं काय झालं 😂

बी-३०४: जाळीचं कुणी बोलतच नाहीये.

ए-१०२: साहित्य सांगते. भोकं १ सेंमी अंतरावर पाडलेला जाड कॅनव्हास, प्रत्येक भोकात एक दोरा ओवलेला. साधी तिपेडी ३० सेंमी हवी असेल तर पेड ४२-४५ सेंमी कापा, गुंफताना लांबी खाल्ली जाते.

सी-११०: कॉर्नरो, म्हणजे टाळूला चिकटून ओळीने घातलेली आफ्रिकन वेणी, आणि सागरवेणीत फरक काय? दोन्ही सारख्याच दिसतात.

सी-७०२: बाजूचा पेड मधल्याच्या वरून नेला की सागरवेणी, खालून नेला की कॉर्नरो. म्हणून कॉर्नरो टाळूवर उठून दिसते. दर फेऱ्याला पुढच्या भोकातला एक दोरा पेडात मिसळायचा. भोक चुकलं की तिथे वेणी कॅनव्हास सोडून उचलते, आणि मग मागे उसवत जाण्याशिवाय इलाज नाही. दुसरी चूक म्हणजे सुरुवातीलाच जाड पेड घेणं. प्रत्येक फेऱ्याला दोरा वाढतो, शेवटी दोरखंड होतो. तीन बारीक दोऱ्यांवर सुरू करा.

डी-२०५: टोकं?

सी-७०२: दोऱ्याने बांधायची. नकली केस असते तर उकळत्या पाण्यात टोक बुडवतात, पण मुलं असताना ते नको.

बी-३०४: तिसऱ्यांदा विचारतोय. जाळी?

सेक्रेटरी: काका, जाळी आजच आणली. कृपया विषय बंद करावा.

बी-३०४: धन्यवाद. मोरीचं तोंड मोजून आणली ना?

सेक्रेटरी: ...बघतो.