‘अर्ली ऑटम’चा स्पेन्सर आदर्श गुरू? जरा थांबा

शंकेखोर
“ही कादंबरी प्रत्येक शिक्षकाच्या हातात द्यावी, स्पेन्सर म्हणजे आदर्श गुरू” हे या मंचावरचं कालचं वाक्य वाचल्यापासून डोकं उठलंय, म्हणून सविस्तर लिहितो. रॉबर्ट पार्करची १९८१ची कादंबरी. बॉस्टनचा खासगी गुप्तहेर स्पेन्सर, १५ वर्षांचा पॉल, आणि घटस्फोटानंतर एकमेकांना बोचकारायलाच पोराला वापरणारे आईबाप. स्पेन्सर पॉलला अमेरिकेतल्या मेन राज्याच्या जंगलात नेतो, पळायला लावतो, वजनं उचलायला शिकवतो, सोबत घेऊन केबिन बांधतो. इथवर झकास. मग आईबापांची लफडी खणून काढतो, बापाची विम्यासाठी इमारती जाळण्याची आणि आईची खासगी, आणि बजावतो: पोराच्या शिक्षणाचे पैसे टाका, त्याच्या वाटेला जाऊ नका, नाहीतर सगळं चव्हाट्यावर. बॉस्टन ज्या राज्यात आहे त्या मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यात (प्रकरण २६५, कलम २५) गुन्ह्याचा आरोप करण्याची धमकी देऊन पैसे उकळायला किंवा कुणाकडून मनाविरुद्ध काही करवून घ्यायला गेलात, तर १५ वर्षांपर्यंत कैद. स्वतःच्या पायावर उभं राहायला शिकवायचं आणि फी खंडणीतून भरायची!

जुना_पंखा
कलम पाठ आहे, पॉल मात्र विसरलात. बाल न्यायालयात जाऊन दाखवणार काय? पोरगा उपाशी नाही, अंगावर वळ नाहीत, घरात टीव्ही आहे. काहीही विचारा, तो खांदे उडवतो. हे खांदे उडवणं कुठल्या अर्जाच्या कुठल्या रकान्यात लिहायचं? उपेक्षा डोळ्यांना दिसत नाही, सगळी मेख तिथेच आहे. आणि धमकीची योजना पॉलच्या पाठीमागे शिजत नाही, त्याला माहीत असते.

शंकेखोर
तेच तर जास्त वाईट! जो माणूस जेवू घालतो, झोपायला जागा देतो, त्याला १५ वर्षांचा पोरगा ‘नको’ म्हणेल? असल्या होकाराला काय किंमत?

करवत
ब्लॅकमेल राहू द्या बाजूला, केबिनवर बोला. गुरुकिल्ली तिथे आहे आणि सगळे त्यावरून उडी मारून पुढे जातायत. मेनमध्ये थंडीत जमीन साधारण चार फुटांपर्यंत गोठते. पाया त्याखाली गेला नाही तर मातीतलं पाणी गोठून फुगतं, खांब वर ढकलतं, आणि बर्फ वितळल्यावर सगळे खांब सारखे खाली बसत नाहीत. एक कोपरा वर राहतो, दारं अडकायला लागतात. आता हिशेब करा. खांब ओतायला १० इंच व्यासाचा पुठ्ठ्याचा नळा, चार फूट जमिनीत, अर्धा फूट वर. एका खांबाला ८० पौंडी काँक्रीटची चार पोती, थोडं कमीच पडतं. बारा खांब धरले तर पन्नासेक पोती, म्हणजे ४००० पौंड माल. हाताने कालवायचा, नळा ओळंब्यात ठेवून कांडत कांडत भरायचा, नाहीतर आत पोकळ्या राहतात. हे ज्याने केलं त्याला ‘तू कर्तबगार आहेस’ असं तोंडाने सांगावं लागत नाही.

रंधा
पाया ठीक, पण शिकवण्याची खरी परीक्षा खिळ्यावर होते. नवशिका हातोडी डोक्याजवळ धरतो, मनगटाने ठोकतो, साडेतीन इंची खिळा तिसऱ्या घावाला वाकतो. मूठ दांड्याच्या टोकाला हवी, कोपरातून फिरवायची, हातोडीच्या वजनाला काम करू द्यायचं.

करवत
चूक. सुरुवातीला वर धरूनच खिळा बसवायचा, दोनतीन हलके ठोके, तो उभा राहिला की मूठ खाली सरकवायची. पहिल्या दिवसापासून टोकाला धरायला लावाल तर पोरगं अंगठा फोडून घेईल आणि हातोडी फेकून जाईल.

रंधा
बरं, खिळा बसवण्यापुरतं तुमचं खरं. उरलेलं माझं.

जुना_पंखा
दोघंही माझंच म्हणणं मांडताय. खिळा वाकला की गुरू हातोडी ओढून घेतो की खिळा उपसायचं अवजार पोराच्याच हातात देतो, यावर सगळं ठरतं.

शंकेखोर
मग आईबापांच्या बाबतीत हातोडी का ओढून घेतली? आणि बापाचा जाळपोळीतला साथीदार हॅरी कॉटन, त्याचं काय? स्पेन्सर त्याला बेदम मारतो, जिवे मारायची वेळ आली की त्याचा हात थांबतो, आणि गोळी स्पेन्सरचा मित्र हॉक घालतो. हात याचे स्वच्छ, काम फत्ते. याच्यावर एकही चाहता बोलत नाही.

जुना_पंखा
बोलतो ना. ते मलाही खुपतं, लिहून घ्या. पण पार्करने ते झाकलेलं नाही. ज्याचा स्वभाव मारण्याचा नाही आणि ज्याचा आहे अशी दोन माणसं त्याने शेजारी उभी केलीत. तुम्हाला उत्तर हवंय, त्याने ते दिलं नाही.

शंकेखोर
सोयीचं आहे. १९९१च्या ‘पास्टाइम’मध्ये हाच पॉल, आता तरुण नर्तक, आईला शोधायला स्पेन्सरकडेच येतो. धमकी देऊन तोडलेली नाळ दहा वर्षांनी परत ताणली गेली ना?

जुना_पंखा
आला, आपल्या पायांनी आला, आणि काय हवंय ते तोंडाने बोलला. खांदे उडवले नाहीत.

शंकेखोर
हं. एवढं मान्य. बाकी कलम २५ तिथेच आहे.

करवत
रंधा, अवजाराने खिळा उपसताना खाली लाकडाचा तुकडा ठेवायचा, नाहीतर फळीवर वळ उठतो. हेही कुणी शिकवत नाही. आणि पोत्यांचा हिशेब चुकला असेल तर दाखवा.