मदत हवी आहे: म्युनिकमध्ये 'फ्लॉटवेग' आणि 'मेगोला' कुठे बघता येतील?
मंडळी, म्युनिककरांची मदत हवी आहे. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीत विमान-इंजिनांवर बंदी आली आणि ती इंजिनं बनवणाऱ्या माक्स फ्रिट्सने १९२३ मध्ये बीएमडब्ल्यूची आर ३२ ही मोटारसायकल काढली, हे सगळीकडे वाचायला मिळतं. मला त्याच्या अलीकडपलीकडचं हवंय. चार-स्ट्रोक इंजिनवाल्या निकोलाउस ऑटोचा मुलगा गुस्ताव: आधी वैमानिक, मग विमानांचा कारखानदार आणि युद्धानंतर सायकलला जोडायचं 'फ्लॉटवेग' इंजिन! आणि ती अफलातून मेगोला मोटारसायकल: पाच सिलिंडर थेट पुढच्या चाकात, जुन्या विमानांच्या रोटरी इंजिनासारखे चाकाबरोबर गरगर फिरणारे. क्लच नाही, गिअर नाही. चौकात थांबायचं झालं तर काय करत असतील, देव जाणे. या दोन्ही सध्या कुठल्या संग्रहालयात मांडल्या आहेत? आम्ही बापलेक दिवाळीत येतोय. फोटो काढू देतात का, तेही सांगा.