डोक्याला मार लागल्यावर वडिलांची मराठी गेली, शिव्या मात्र आल्या

पूर्वभागकर:
वडील सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारे, होते. घरी तेलुगू, कारखान्यात मराठी. दिवाळीनंतर गाडीवरून पडले. डाव्या बाजूला, कपाळाच्या वर मार लागला, ऑपरेशन झालं. आता तेलुगूत दोन-तीन शब्द जोडतात, मराठीत 'हां', 'नाही'च्या पुढे काही नाही. पण एक-दोन-तीन सुरू करून दिलं की मराठीत वीसपर्यंत धडाधड मोजतात. मुलं किती विचारलं तर नुसते बघत राहतात. आणि शिव्या! कामावरच्या पोरांना 'का बे'च्या पुढे कधी गेले नाहीत, तो माणूस आता सुनेला आईबहिणीवरून बोलतो. माझी बायको ताट ठेवते आणि लगेच बाहेर येते. अम्मा म्हणते, इतकी वर्षं मनात साठलेलं निघतंय. खरं असेल का?

गड्डाप्रेमी:
आमच्या काकांना मेंदूचा झटका आला होता. घरात पाणी मागता येत नव्हतं, पण सिद्धेश्वराच्या यात्रेतले नंदीध्वज दारावरून गेले तेव्हा 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' खणखणीत म्हणाले. सगळी गल्ली वळून बघायला लागली.

वाचा_मावशी:
मी स्पीच थेरपिस्ट. तुमच्या वडिलांना बघितलेलं नाही, म्हणून सर्वसाधारण सांगते. अंक, जयघोष, शिव्या हे घोकून तोंडात बसलेलं असतं. वाक्य दर वेळी नव्याने जुळवावं लागतं, आणि तिथेच घोडं अडतं. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयातला लबोर्न्य हा रुग्ण 'तां' एवढंच बोलायचा, पण संतापला की शिवी अगदी स्पष्ट. १८६१ मध्ये तो गेल्यावर पॉल ब्रोका या डॉक्टरने त्याचा मेंदू तपासला. बिघाड डाव्या बाजूला, पुढच्या भागात.

भाषेचं म्हणाल तर रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाच्या मते आधी शिकलेली टिकते. पित्र हा फ्रेंच डॉक्टर १८९५ मध्ये म्हणाला, रोजच्या वापरातली आधी परतते. बऱ्याच जणांच्या दोन्ही भाषा बरोबरीने सुधारतात. तुमच्याकडे तेलुगू पहिलीही आणि घरातलीही, त्यामुळे कोण बरोबर ते यावरून ठरत नाही.

अम्मांचं मात्र मला पटत नाही. कारखान्यात जन्म काढलेल्या माणसाला शिव्या ठाऊक असणारच. त्या आवरणारा भाग कपाळामागे असतो, तिथेच मार लागलाय. आवरणारे वडील खोटे आणि हे खरे, असं कुठल्या हिशेबाने?

सिंहगडवाला:
म्हणजे फिनिअस गेजच की. १८४८, अमेरिका, सुरुंग ठासताना सहा किलोची पहार गालातून शिरून डोक्यातून बाहेर. वाचला, पण मित्र म्हणायला लागले की हा आपला गेज नव्हे. स्वभाव गेला तो गेलाच.

वाचा_मावशी:
हे अर्धंच सांगतात सगळे! त्याच गेजने पुढे चिलीत काही वर्षं घोड्यांची टपालगाडी हाकली. उतारू, वेळापत्रक, जनावरं, सगळं सांभाळून. १८६० मध्ये वारला. ठरलेला दिनक्रम असला की अशी माणसं बरीच सावरतात.

पूर्वभागकर, वडिलांशी तेलुगूतच बोला. टीव्ही बंद, एका वेळी एकच माणूस. 'काय हवं?' असं विचारू नका, चहाचा कप आणि पाण्याचा तांब्या समोर धरा. शिवी आली की हसू नका, वादही नको, विषय बदला. डॉक्टरांना मात्र हे जरूर सांगा, कधी कधी औषधाचा उपयोग होतो.

पूर्वभागकर:
अम्माला वाचून दाखवलं. ती म्हणाली, शिव्यांचं असू दे, ते जेवतात ना नीट. बायको म्हणते, कारण कळलं म्हणून ऐकायला सोपं जात नाही. तिचंही बरोबर आहे. आठवडाभर ताट मी नेतो. तेलुगू येणारा थेरपिस्ट सोलापुरात कुणाला माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.