आमवात आणि आई

काका, काकू गेल्यावर भेटायला येणारा जो तो त्यांच्या डायलिसिसबद्दलच बोलतो, हे तुम्ही लिहिलंत ते अगदी पटलं. आमच्या आईला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस होता, म्हणजे आमवात. यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. वयोमानाने होणारी गुडघेदुखी वेगळी, पण शेजारणी शेवटपर्यंत तिला मेथीचे लाडू सुचवत राहिल्या. सकाळी बोटं इतकी आखडलेली असत की तासभर तरी पातेल्यावरचं झाकण उचलवत नसे. त्यावरची मेथोट्रेक्सेट नावाची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून बाबा कालनिर्णयवर त्या वाराला लाल गोल करून ठेवायचे.

पण मला आठवते ती भांडकुदळ आई. मोदकाच्या कळ्या पाडणं जमेना, तेव्हा तिने बाबांना समोर बसवून शिकवलं आणि त्यांच्या एकूण एक मोदकाला नावं ठेवली. बँकेत अख्ख्या शाखेला धाकात ठेवलेला माणूस मुकाट ऐकून घ्यायचा! पेपरातलं शब्दकोडं सोडवायची ती, अक्षरं भरायचे बाबा. अक्षर वाईट म्हणून पुन्हा बोलणी.

काकू कशावर चिडायच्या, कशाला हसायच्या, तेही लिहा ना.