पूर आराखडा: कितव्या फुटाला कोणी काय करायचं, हे कसं ठरवायचं? (शिरोळ तालुका)

नदीकाठ_शिरोळ यांचा प्रश्न

ग्रामपंचायतीकडे गाव आपत्ती व्यवस्थापन आराखड्याचा नमुना भरायला आलाय. गेल्या वर्षीची प्रत पाहिली तर नऊ पानं आहेत आणि त्यातली सात फोन नंबरांची. सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, लाइनमन, आशाताई, सगळे आहेत. पण पाणी वाढायला लागलं की पहिलं काम कुठलं आणि ते कोण करणार, याबद्दल एक ओळ नाही.

गाव पंचगंगेच्या काठावर. खालच्या दोन गल्ल्यांत साधारण 140 कुटुंबं, 650 माणसं, लहानमोठी 400 जनावरं. बाहेर पडायचा रस्ता एकच, मध्ये ओढ्यावर मोरी. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची (पंचगंगेवरच्या) इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, एवढं सगळ्यांना पाठ आहे. पण त्या आकड्याचा आमच्या गल्लीशी संबंध कसा लावायचा? नाव आहे, ती वापरायची की नाही? आणि पाणी उतरल्यावर विहिरीचं काय? ज्यांनी असे आराखडे केलेत त्यांनी नेमकं सांगा.

पट्टीवाचक

तुमच्या नमुन्यात एक रकाना नाही आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा: रस्ता कितव्या फुटाला बंद होतो. लोक घरात पाणी येण्याचा फूट धरून बसतात. घर कोरडं असतानाच मोरीवर पाणी येतं आणि गावाचं बेट होतं. त्यानंतर जे काही करायचं ते नावेतून. म्हणजे आराखडा मोरीच्या पातळीवरून मागे मोजत आणायचा, उंबऱ्यावरून नव्हे.

हा आकडा काढायला मोठा सर्व्हे लागत नाही. 2019 च्या पुराची खूण शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीवर असेलच. गवंड्याची लेव्हल पाइप घ्या, पाणी भरा, आतले बुडबुडे काढून टाका (बुडबुडा राहिला की चार-सहा इंचांची चूक सहज होते), आणि खुणेपासून टप्प्याटप्प्याने मोरीच्या सर्वांत सखल जागेपर्यंत उतरत जा. जाऊन परत या. दोन्ही वेळच्या मापात दोन इंचांपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा मोजा. पंचायत समितीचा अभियंता डंपी लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) घेऊन आला तर फारच उत्तम.

समजा मोरी त्या खुणेच्या 11 फूट खाली निघाली आणि त्या पुरात पट्टीवरची (बंधाऱ्यावर पाण्याची पातळी मोजायची फूटपट्टी) सर्वोच्च पातळी 55 धरली (राजाराम बंधाऱ्यावर 2019 आणि 2021, दोन्ही वर्षी पाणी 55 च्या वर गेलं होतं). म्हणजे रस्ता 44 च्या आसपास बंद होणार. हा कच्चा आकडा. नदीचा उतार प्रत्येक पुरात सारखा नसतो, म्हणून पुढच्या पावसाळ्यात मोरीला पाणी लागलं त्या क्षणी पट्टीवर काय होतं ते तारीख-वेळेसह वहीत लिहा. दोन-तीन नोंदी झाल्या की आकडा पक्का होतो.

शिरोळकरांसाठी मात्र एक इशारा. तुमच्याकडे नुसत्या राजाराम बंधाऱ्यावर विसंबून चालत नाही. नृसिंहवाडीला, म्हणजे पंचगंगा जिथे कृष्णेला मिळते तिथे, कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, फुग मागे येते. कोल्हापुरात पट्टी उतरायला लागलेली असते आणि शिरोळात पाणी चढतच असतं. त्यामुळे रोज तीन आकडे लिहा: राजाराम बंधारा, नृसिंहवाडी आणि सांगलीचा आयर्विन पूल (इशारा 40, धोका 45). अलमट्टीमुळे (कर्नाटकातलं कृष्णेवरचं धरण) पाणी तुंबतं का, हा वाद कृपया इथे काढू नका, तो आठवडाभर संपणार नाही.

आणखी एक. वरच्या अंगाच्या राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरावीक पातळीला आलं की आपोआप उघडतात आणि एका दरवाजातून 1428 क्युसेक सुटतं. म्हणून "दरवाजे कधी सोडणार" असं कंट्रोल रूमला विचारून उपयोग नाही. धरण किती भरलंय आणि पाणलोटात पाऊस किती पडतोय, हे विचारा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर 1077.

वैरण_आणि_गोठा

वरच्या हिशोबाला पुढे जोडतो, कारण वेळ माणसांना लागत नाही, जनावरांना लागतो. माणसं शेवटी चालतही निघतात.

एका ट्रॉलीत मोठी पाच जनावरं नीट उभी राहतात. सहावं घातलं की चढउतारावर एखादं खाली बसतं आणि बाकीची त्याला तुडवतात. 400 जनावरं म्हणजे 80 खेपा. गावात खरोखर चालू असलेले आणि त्या दिवशी मिळतील असे ट्रॅक्टर 8 धरले, तर प्रत्येकी 10 खेपा. चढवणं, पाच-सहा किलोमीटर जाणं, उतरवणं, परत येणं यात एका खेपेला दीड तास जातो. झाले 15 तास. वासरं दाटीवाटीने जातात, पण तो वेळ वाचला असं धरू नका. बुजलेली म्हैस ट्रॉलीत चढवण्यात तो जातोच.

आता पाणी चार तासांना एक फूट चढतंय असं धरा. 15 तासांत जवळजवळ 4 फूट. रस्ता 44 ला बंद होत असेल तर पहिली ट्रॉली 40 ला हललेली पाहिजे. रात्रीसाठी एक फूट हातचा ठेवा. म्हणजे 39. इशारा पातळीला दवंडी नव्हे, ट्रॉली.

इथे घोटाळा होतो तो चढण्याच्या वेगामुळे. पाणी पात्रात असतं तोवर झपाट्याने चढतं, मळीत (काठच्या सखल शेतांत) पसरलं की इंचाइंचाने चढतं. लोकांना वाटतं थांबलं. थांबलेलं नसतं, फक्त पसरत असतं. बाजूची मळी भरली की पुन्हा वेग घेतं.

आधी करून ठेवायच्या गोष्टी: मेअखेर घटसर्प आणि फऱ्याची लस. प्रत्येक जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला आणि त्या नंबरांची मालकवार यादी ग्रामपंचायतीत (जनावर दगावलं तर पंचनाम्याला हीच यादी कामाला येते). छावणीच्या जागी दावणीचे खुंट आणि दोर आधीच. मोठ्या जनावराला दिवसाला 15 ते 20 किलो ओली वैरण, 5 किलो कडबा आणि 40 लिटरच्या वर पाणी लागतं. उसाचं वाडं (हिरवे शेंडे) मिळतं म्हणून नुसत्या वाड्यावर ठेवू नका. आणि काही कारणाने जनावर हलवता आलंच नाही तर निदान दावं कापून मोकळं सोडा. बांधलेलं जनावर पोहू शकत नाही.

नदीवरच्या मोटारीही याच यादीत घाला. मोटारी काढायचा फूट वेगळा, 39 च्या बराच आधी. पाणी पात्राबाहेर पडल्यावर मोटार काढायला उतरायचं नाही, हे ठरावात लिहून घ्या.

ओबीएम_दुरुस्ती

नावेचं विचारलंय. नाव ठेवा, पण ती रस्ता बंद झाल्यावर अडकलेल्यांसाठी आणि औषधासाठी. गाव हलवण्यासाठी नव्हे. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गर्दीने भरलेली नाव उलटली ती विसरू नका. नियम साधा करा: जॅकेट जितकी, तितकीच माणसं, नावाड्यासकट. नावेवर रंगवलेला आकडा कमी असेल तर तो पाळा.

इंजिन मे महिन्यात पाण्याच्या पिंपात लावून 15 मिनिटं चालवा. बहुतेक इंजिनं ऐन वेळी सुरू होत नाहीत ती एकाच कारणाने: गेल्या वर्षीचं पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये सुकून चिकट झालेलं असतं. हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि आतलं संपेपर्यंत इंजिन चालवूनच ठेवा. टू-स्ट्रोक असेल आणि पुस्तिकेत 50:1 लिहिलं असेल तर लिटरला 20 मिली ऑइल. ऑइल वेगळ्या डब्यात मिसळा, थेट टाकीत ओतू नका.

नावेत कायम हवं: जादा प्लग, पंख्याची पिन, स्टार्टरची दोरी, पक्कड, दोन वल्ही, 30 मीटर तरंगणारा दोर, पाणी उपसायला डबा. पिन का, तर शेतावरून जाताना पंख्याला कुंपणाची तार, द्राक्षबागेची तार, जलपर्णी काहीतरी अडकतंच आणि पिन तुटते. ती तुटते म्हणून गिअर वाचतो. तिच्या जागी खिळा ठोकून काम भागवणारे भेटतात. पुढच्या तारेला गिअरच जातो.

विजेच्या तारा हा दुसरा धोका. पाणी 10 फूट चढलं की तार तुमच्या डोक्याच्या 10 फूट जवळ आली. नावेच्या वाटेवरची लाइन बंद केल्याचं महावितरणच्या माणसाने स्वतः सांगितल्याशिवाय नाव काढायची नाही. अंधारात नाहीच. काहिलीतून (गूळ करायच्या मोठ्या कढईतून) माणसं नेण्याचे प्रकारही बंद करा. काहील गुळासाठी चांगली. एक माणूस कडेला सरकला की तिचा काठ पाण्याखाली जातो.

टीसीएल_वही

विहिरीबद्दल. आधी गढूळ पाणी उपसा, गाळ काढा. गढूळ पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकणं म्हणजे मातीला औषध पाजणं.

मग माप. व्यास 4 मीटर, पाण्याची उंची 5 मीटर असेल तर 3.14 × 4 × 4 × 5 ÷ 4 = 62.8 घनमीटर, म्हणजे 62,800 लिटर. नेहमीचं प्रमाण 1000 लिटरला 2.5 ग्रॅम, म्हणजे 157 ग्रॅम. पुरानंतर पहिल्या वेळी दुप्पट, 314 ग्रॅम. हे 33 टक्के क्लोरीन असलेल्या पावडरीचं. पावडर 20 टक्क्यांवर उतरली असेल तर 2.5 च्या जागी साधारण 4 ग्रॅम लागतात, आणि 20 च्या खाली गेलेली वापरू नका.

प्लास्टिकच्या बादलीत आधी घट्ट लापशी करा, मग पाणी घालून ढवळा, दहा मिनिटं निवळू द्या. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घ्या, ती पाण्यात खाली-वर करून मिसळा. चुना तळाशी राहील, तो विहिरीत ओतायचा नाही. एक तास थांबा. नंतर ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते रंगावरून पाहायची चाचणी), आणि ती विहिरीवर नव्हे, शेवटच्या नळाला. पिवळा रंग 0.2 ते 0.5 पीपीएमच्या पट्टीशी जुळला पाहिजे. रंगच आला नाही तर टाकीत पुन्हा डोस.

पूर यायच्या आधीची गोष्टही इथेच: डीपीला (ट्रान्सफॉर्मरला) पाणी लागायच्या आत वीज तोडतात आणि पंप बंद पडतो. म्हणून 39 फुटांच्या ओळीत "उंच टाकी पूर्ण भरणे, व्हॉल्व्ह बंद" असं एक काम पाणीपुरवठा कर्मचाऱ्याच्या नावावर टाका.

आणि टीसीएलची पोती नावेच्या पेट्रोलच्या खोलीत ठेवू नका. पुष्कळ ग्रामपंचायतींत एकच स्टोअर असतं, दोन्ही तिथेच. ब्लीचिंगला पेट्रोल-ऑइल लागलं की पेट घेऊ शकतं.

नदीकाठ_शिरोळ

हे फार कामाचं झालं. दोन शंका राहिल्या. निवाऱ्यात किती खोल्या धरायच्या? आणि पंचनाम्यासाठी आधी काय करून ठेवायचं?

पट्टीवाचक

माणशी साडेतीन चौरस मीटर धरा. 45 चौरस मीटरच्या वर्गात 12 माणसं. 650 माणसांना शाळा पुरणार नाही, पण सगळी येतही नाहीत, बरीच पै-पाहुण्यांकडे जातात. कोण कुठे जाणार हे जूनमध्येच घरोघरी विचारून लिहा. समजा 300 उरली: 25 खोल्या, माणशी 15 लिटरने रोज 4500 लिटर पाणी (एक टँकर), 20 माणसांमागे एक या हिशोबाने 15 शौचालयं. बाळंतीण, डायलिसिसचे रुग्ण आणि अंथरुणाला खिळलेली माणसं या यादीत नकोत. त्यांना 39 च्याही आधी तालुक्याच्या गावी हलवा.

पंचनाम्यासाठी घराचे आतून-बाहेरून फोटो मेमध्येच काढून ठेवा. आधार, बँक पासबुक, रेशनकार्ड, सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत. 2022 ते 26 च्या निकषांत दुधाळ गाय-म्हशीला 37,500 आणि ओढकामाच्या जनावराला 32,000 रुपये ठरले होते, कपडे आणि भांड्यांसाठी कुटुंबाला प्रत्येकी 2,500. राज्याचा वेगळा शासन निर्णय आला तर तो पाहा. जनावर दगावलं तर पशुवैद्यकीय अधिकारी येईपर्यंत पुरू नका, आणि कानाचा बिल्ला कापून ठेवू नका, कानातच राहू द्या.

आराखड्याचं पहिलं पान एवढंच करा: डाव्या रकान्यात फूट, मध्ये काम, उजवीकडे एक नाव आणि तो माणूस नसेल तर दुसरं नाव. "समिती" असं लिहू नका, समिती रात्री दोनला उठत नाही. ते पान मोठ्या अक्षरात छापून मोरीच्या अलीकडच्या भिंतीवर लावा, आणि त्याच भिंतीवर फूट रंगवा.

नदीकाठ_शिरोळ

उद्या गवंड्याला लेव्हल पाइप घेऊन बोलावलंय. मोरीचा आकडा आला की इथेच टाकतो.